हवेतला शेजार

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गावातील हौशी नाट्यमंडळाचा प्रयोग रंगात आला होता. दुसरा अंक. बाप आणि मुलगा यांच्यात जमिनीच्या वाटणीवरून कडाक्याचा वाद चाललेला. बापाने शेवटचा घाव घातला, मुलाने उत्तरासाठी तोंड उघडले आणि सभागृहातील दोन्ही स्पीकरमधून खणखणीत कानडीत शब्द आले, "एल्लरिगू नमस्कार!" पाठोपाठ पाहुण्यांच्या स्वागताचे भाषणच सुरू झाले. मुलाची भूमिका करणारा पोरगा बिचारा ओठ हलवतो आहे आणि आवाज भलत्याचाच!

प्रथम हशा पिकला. मग मागच्या रांगांतून दुसराच सूर निघू लागला. "हे मुद्दाम केलंय", "नाटक पाडायचा डाव आहे", असे शब्द कानावर येऊ लागले. आपल्या भागात अशा ठिणगीला कोरडे गवत शोधावे लागत नाही, हे मी वाचकांना सांगायला नको. चार तरुण उठून दाराकडे निघाले, तेव्हा शिक्षकी आवाज चढवून मला त्यांना थांबवावे लागले. तेवढ्यात दारातून उलट एक तरुण धावत आत आला. रस्त्यापलीकडच्या मंगल कार्यालयातला तो साउंडवाला. धापा टाकत म्हणाला, "सर, तुमचं नाटक आमच्या सत्कारात यायलंय की! पाहुणे बोलायचे थांबले की तुमच्यातला म्हातारा भांडायलाय!"

घडले होते ते इतकेच. पण ते का घडले हे समजून घेण्यासाठी मला पुढे बरेच वाचावे लागले. मी इतिहासाचा एम.ए.; विजेच्या यंत्रांशी माझा संबंध शाळेची घंटा बंद पडली की तेवढ्यापुरता. मात्र सभागृहाच्या समितीवर असल्यामुळे आमचा नवा बिनतारी माइकचा संच बसवण्याची जबाबदारी माझ्याकडे आली होती, आणि त्या रात्रीचा दोषही माझ्याकडेच येत होता. त्या निमित्ताने या यंत्राचा जो इतिहास हाती आला तो मांडावा, म्हणून हा लेख.

या इतिहासाची सुरुवात एका पायी फेरीपासून होते. डेव्हिड एडवर्ड ह्यूज हा एकेकाळी अमेरिकेतील केंटकी येथे संगीताचा प्राध्यापक होता. १८५५ मध्ये त्याने अक्षरे छापणारे तारायंत्र शोधले. १८७८ मध्ये लंडनमध्ये त्याने कार्बनच्या सैलसर स्पर्शावर चालणारा माइक जगापुढे मांडला. एक वर्ष आधी अमेरिकेत एमिल बर्लिनरने त्याच तत्त्वावर काम केले होते. पण 'मायक्रोफोन' हा शब्द रूढ झाला तो ह्यूजमुळे. ह्यूजने या शोधाचे पेटंट घेतले नाही. ज्याला हवा त्याने तो वापरावा, अशी त्याची वृत्ती होती.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १८७९ मध्ये, ह्यूजला एक चमत्कार दिसला. खोलीच्या एका टोकाला विजेची ठिणगी उडवली की दुसऱ्या टोकाला ठेवलेला त्याचा माइक, मध्ये कसलीही तार नसताना, जोडलेल्या टेलिफोनमध्ये टक्‌ असा आवाज देई. ठिणगीचे यंत्र घरी ठेवून तो हातात ग्राहक आणि कानाला टेलिफोन घेऊन लंडनच्या ग्रेट पोर्टलंड स्ट्रीटवर चालत निघाला. सुमारे ५०० यार्डांपर्यंत, म्हणजे साधारण साडेचारशे मीटरपर्यंत, आवाज येत राहिला. आणि एक विलक्षण गोष्ट त्याने टिपून ठेवली: काही घरांसमोर आवाज स्वच्छ येई, तर काही घरांसमोर जवळजवळ नाहीसा होई.

फेब्रुवारी १८८० मध्ये रॉयल सोसायटीचे तीन मान्यवर हा प्रयोग पाहायला आले. त्यांत गणिती स्टोक्स होते. हे नवे काही नसून जुनेच विद्युत-प्रवर्तन आहे, असा निर्वाळा त्यांनी दिला. ह्यूज खट्टू झाला आणि त्याने आपले प्रयोग प्रसिद्धच केले नाहीत. १८८७-८८ मध्ये जर्मनीत हाइनरिख हर्ट्‌झने विद्युत-चुंबकीय लहरी सिद्ध केल्या आणि श्रेय रास्तपणे त्याच्याकडे गेले. ह्यूजची हकिगत लोकांना कळली ती १८९९ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी.

माइक आणि बिनतारी लहर ही दोन्ही एकाच माणसाच्या हातात होती. तरी ती एकत्र येऊन कलावंताच्या अंगावर चढायला आणखी सत्तर वर्षे लागली. कारण आवाज मोठा करण्याची सोयच मुळी नव्हती. कर्णा आला तो विसाव्या शतकात. १९१५ मध्ये अमेरिकेत पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडम यांनी आपला ध्वनिवर्धक लोकांसमोर वाजवला, आणि १९१९ मध्ये सान डिएगो येथे राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचे भाषण त्यावरून सुमारे ५०,००० लोकांनी ऐकले.

आपल्याकडे त्या काळी काय चालले होते? ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांचा 'संयुक्त मानापमान' झाला. त्या पिढीच्या नटाचा आवाज हेच त्याचे यंत्र होते. आपल्याच गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले तेव्हापासून गायक नटाची पहिली परीक्षा शेवटच्या रांगेतच होई. पुढे माइक आला, पण तो तारेने बांधलेला. नट मग तारेच्या टापूत वावरू लागला. रंगमंचाच्या मधोमध टांगलेल्या माइकखाली येऊन भावनावश होणारी पात्रे माझ्या पिढीने पुष्कळ पाहिली आहेत. मरणारा नायकसुद्धा दोन पावले पुढे येऊन माइकजवळ पडायचा!

ही तार तोडण्याचा रंगभूमीवरील एक जुना प्रयत्न इंग्लंडातला. ब्रायटन येथे १९४९ मध्ये बर्फावर घसरत करायचे 'अलादीन' हे नाट्य होते. बर्फावर वेगाने फिरणाऱ्या नटाला तारेचा माइक कसा द्यायचा? रेग मूर्स नावाच्या अभियंत्याने १९४७ पासून तयार केलेला छोटा प्रेषक खलनायक अबानाझरच्या पोशाखात दडवला. यंत्र उत्तम चालले. परंतु मूर्सनेही पेटंट घेतले नाही आणि त्याचे कारण ह्यूजपेक्षा फार वेगळे होते: ज्या ७६ मेगाहर्ट्‌झच्या लहरीवर तो आवाज पाठवत होता ती वापरण्याची त्याला परवानगीच नव्हती! पुढे निर्मात्यांनी ते यंत्र बाजूला ठेवले आणि पडद्याआडून दुसऱ्यांनी बोलावे, बर्फावरच्यांनी फक्त घसरावे, अशी सोय केली. मूर्सचे मूळ यंत्र १९७२ पासून लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे.

म्हणजे पहिल्या पावलातच या यंत्राचे खरे दुखणे उघड झाले होते. तार असते तेव्हा आवाजाला स्वतःची वाट असते. तिच्यावर दुसरा कोणी येत नाही. तार तोडली की आवाज सार्वजनिक रस्त्यावर येतो. मग कोणी कोणत्या बाजूने चालायचे, हा प्रश्न आलाच.

१९५३ मध्ये अमेरिकेतील शुअर कंपनीने 'व्हॅगाबाँड' नावाचा बिनतारी माइक बाजारात आणला. नाव 'भटक्या', पण भटकंतीचा टापू अवघा ७०० चौरस फुटांचा! म्हणजे ग्राहकापासून पंधरा फुटांच्या आत राहायचे. १९५७ च्या सुमारास जर्मनीत सेनहायझरने तेथील नभोवाणीच्या सोबतीने आपला संच तयार केला. चित्रपटात या यंत्राने नाव काढले ते १९६४ च्या 'माय फेअर लेडी'त. बर्नार्ड शॉच्या ज्या 'पिग्मॅलियन'वरून हा चित्रपट निघाला, त्याच नाटकावरून बेळगावच्या राणी पार्वती देवी महाविद्यालयात काही काळ प्राध्यापक असलेल्या पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी' लिहिले. नायक रेक्स हॅरिसन आधी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवायला तयार होईना. दर वेळी माझे म्हणणे वेगळे पडते, असे त्याचे म्हणणे. अखेर त्याच्या गळपट्ट्यात बिनतारी माइक लपवून प्रत्यक्ष चित्रीकरणातच आवाज घेतला गेला. ध्वनीसाठीचे ऑस्कर त्या चित्रपटाला मिळाले.

तरीही सामान्य सभागृहापर्यंत हे यंत्र पोचायला दोन अडचणी दूर व्हायच्या होत्या. पहिली खरखरीची. कुजबुज आणि किंकाळी यांतील अंतर बिनतारी वाटेवर मावत नसे. कुजबुज खरखरीत बुडे. १९७६ मध्ये जॉन नेडी या अमेरिकी अभियंत्याने यावर तोड काढली. प्रेषकात आवाजाची उंचसखलता अर्ध्यावर दाबायची आणि ग्राहकात तेवढीच पुन्हा ताणायची. गादी घडी करून पेटाऱ्यात भरावी आणि मुक्कामी उलगडावी, तसे.

दुसरी अडचण म्हणजे ह्यूजला घरांसमोर दिसलेले गूढ. लहर सरळ येते, तशी भिंतीवर आपटूनही येते. या दोघींची गाठ जिथे उलटी पडते तिथे त्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि आवाज मरतो. नट दोन पावले सरकला की तो पुन्हा जिवंत होतो. उपाय रेडिओच्या अभियंत्यांना १९३१ पर्यंत ठाऊक झाला होता: दूर दूर दोन एरियल लावायचे, एकाच्या वाट्याला मेलेली जागा आली तर दुसऱ्याच्या वाट्याला त्याच क्षणी ती येण्याचा संभव फार कमी. आज चांगल्या ग्राहकाला दोन शिंगे दिसतात ती यासाठी. ती शोभेची नव्हेत, हे आमच्या शिपायाला समजावताना मला बरेच कष्ट पडले. एक मोडले तरी दुसरे आहेच, अशी त्याची समजूत होती.

एका नाटकात आठ-दहा माइक लागू लागल्यावर तितकेच ग्राहक, तितकेच एरियल आणि तारांचा गुंता झाला. तेव्हा अभियंत्यांनी टेलिफोन केंद्रातली जुनी युक्ती उचलली. तिथे १९२० च्या दशकापासून १९ इंच रुंदीची चौकट ठरून गेली होती. उपकरण कोणतेही असो, ते तिच्यात बसले पाहिजे. त्याच मापात बिनतारी ग्राहकाची चौकट आली. सोनीची किंवा लेक्ट्रोसॉनिक्सची अशी चौकट असते. पावणेदोन इंच उंच, आणि तिच्यात कपाटात खण सरकवावेत तसे सहा ग्राहक बसतात. वीज एकदाच द्यायची, एरियलची जोडी एकच. आत तिची वाटणी सहा जणांना होते. एक खण बिघडला तर तो काढून दुसरा सरकवायचा, बाकीचे पाच चालूच. पैसे नसतील तर दोनच घ्यावेत आणि उरलेल्या जागा झाकून ठेवाव्यात. आमच्या समितीला हाच मुद्दा पटला. आमची चौकट सहाची, पण पहिल्या वर्षी आम्ही खण घेतले तीन.

आता त्या रात्रीकडे वळतो. आमचा संच आणि कार्यालयाचा संच एकाच बनावटीचे. दोघांनीही कारखान्यातून आलेली मांडणी हलवलीच नव्हती. पहिला गट, पहिली वाहिनी, इकडेही आणि तिकडेही. मग पहिला अंकभर काही का झाले नाही? इथे एफएम पद्धतीचा गुण आडवा आला. एकाच वारंवारतेवर दोन आवाज आले तर बलवान आवाज दुर्बळाला पुरता झाकून टाकतो. आमचा नट आमच्या एरियलजवळ, त्यांचा वक्ता त्यांच्या. त्यामुळे दोघांनाही आपापलेच ऐकू येत होते. दुसऱ्या अंकात आमच्या पोराचे सेल संपले. त्याचा प्रेषक गप्प झाला आणि आमच्या ग्राहकाने रस्त्यापलीकडचा आवाज मोठ्या आदबीने आत घेतला. यंत्राला मराठी-कानडी कळत नाही. त्याला फक्त आकडा कळतो. तिकडेही वक्ते बदलताना माइक बंद झाला की आमचा म्हातारा जाऊन भांडत होता. म्हणजे गुन्हेगार होते आमचे शिळे सेल, आणि दुसरा गुन्हेगार मी, कारण आकडा न बदलता संच लावला तो मीच.

मध्यंतरात त्या तरुणाने आणि मी मिळून आकडे बदलायचे ठरवले. मी उत्साहाने तिन्ही माइक एकेका मेगाहर्ट्‌झच्या समान अंतरावर लावले. वहीत ओळी आखल्यासारखी नीट मांडणी! तिन्ही एकदम चालू करताच गुरगुर सुरू झाली. अखेर मी सर्व माइक बंद करवले आणि तिसरा अंक जुन्या रीतीने, नुसत्या गळ्यावर झाला. बापाची भूमिका करणाऱ्या साठीतल्या गृहस्थांचा शब्द न्‌ शब्द शेवटच्या रांगेत पोचला. तरुण मुलांचा मात्र निम्माच. यंत्राने आपल्याकडून काय घेतले, हे त्या अर्ध्या तासात मला जेवढे कळले तेवढे पुस्तकातून कळले नसते.

गुरगुरीचे कोडे दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेतील विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर सोडवले. दोन लहरी यंत्रात एकत्र आल्या की त्यांची नको असलेली पिल्ले जन्मतात. एकीची दुप्पट करून दुसरी वजा करावी, तिथे पिल्लू सापडते. समजा माइक ६०० आणि ६०१ वर आहेत. ६०१ ची दुप्पट १२०२. त्यातून ६०० वजा केले की उरले ६०२. आणि नेमका ६०२ वर मी तिसरा माइक बसवला होता! "सर, सारखी अंतरं ठेवली की पिल्लू शेजाऱ्याच्याच अंगणात पडतं. अंतरं वेडीवाकडीच हवीत," असे बाई म्हणाल्या. संचासोबत गटांचे तयार तक्ते येतात ते याच हिशेबाने केलेले असतात. एका गटातल्या वाहिन्या वापरायच्या, आपल्या मनाची भर घालायची नाही.

मग आम्ही संच पुन्हा पहिल्यापासून लावला. इतर सभागृहांच्याही उपयोगी पडावे म्हणून क्रम सांगतो. एरियल प्रेक्षकांच्या डोक्यांवर, रंगमंच थेट दिसेल अशा उंचीवर आणि एकमेकांपासून हातभर दूर. कारण माणसाचे शरीर ही लहर शोषून घेते. मग आपले सर्व माइक बंद ठेवून ग्राहक चालू करायचे आणि हवेत आधीच कोण आहे ते पाहायचे. रिकामा गट निवडून एकेक माइक चालू करायचा. सगळे चालू झाले की एक बंद करायचा आणि त्याच्या ग्राहकाचा काटा हलतो का ते पाहायचे; हलला तर तिथे पिल्लू किंवा पाहुणा आहे. नटाने जितक्या जोरात ओरडायचे तितके ओरडवून प्रेषकाची पातळी बांधायची. शेवटी माइक घेऊन एकाने रंगमंचाच्या कोपऱ्याकोपऱ्यात, विंगेत, जिन्यावर बोलत चालायचे आणि दुसऱ्याने ऐकायचे. ही शेवटची फेरी म्हणजे ह्यूजची १८७९ ची फेरीच. आमच्या डाव्या विंगेतल्या लोखंडी जिन्याजवळ आवाज मरत होता. एक एरियल चार फूट सरकवला आणि तो जिवंत झाला. सेल मात्र प्रत्येक प्रयोगाला नवे.

एवढे केले म्हणजे कायमचे निभावले, असेही नाही. हवेतली वस्ती बदलत राहते. बिनतारी माइक जगभर टीव्हीच्या वाहिन्यांमधल्या रिकाम्या जागांत गुजराण करत आले. मोबाइलची भूक वाढली तशा त्या जागा विकल्या गेल्या. अमेरिकेत १२ जून २०१० नंतर ७०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातून आणि जुलै २०२० पर्यंत ६०० च्या बहुतेक भागातून माइकना उठावे लागले. आपल्याकडेही २०२२ च्या लिलावात ७०० च्या पट्ट्यातील लहरी मोबाइलसाठी विकल्या गेल्या. काल चालणारा संच आज खरखरला तर तो बिघडलाच असेल असे नाही. त्याच्या शेजारी नवे बिऱ्हाड आलेले असू शकते.

हा सगळा इतिहास वाचून माझ्या मनात एकच गोष्ट ठसली. बोलणारे यंत्र मूर्सने १९४९ मध्येच नटाच्या अंगावर चढवले होते. त्यानंतरचे बहुतेक श्रम खर्ची पडले ते ऐकणाऱ्या यंत्राला शहाणे करण्यात. गजबजलेल्या हवेत आपला आवाज ओळखावा, दुसऱ्याचा असेल तर गप्प राहावे आणि कोणी नाही असे पाहूनच जागा धरावी, एवढे शिकायला त्याला अर्धे शतक लागले.

आमच्या ध्वनिकक्षात आता भिंतीवर एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर दोन रकाने आहेत, आमच्या वाहिन्या आणि पलीकडच्या कार्यालयाच्या वाहिन्या. एका रकान्याचा मथळा मराठीत, दुसऱ्याचा कानडीत. आकडे दोघांनाही वाचता यावेत म्हणून इंग्रजी. त्याचीच प्रत पलीकडे लावलेली आहे. कोणी नवा माइक घेतला की आधी रस्ता ओलांडून दुसऱ्याला सांगायचे, असा आमचा करार आहे. त्यावर सह्या नाहीत. तो तरुण दर नाटकाच्या आधी येऊन आमचा काटा पाहून जातो आणि चहा घेतो. त्या रात्री दाराकडे निघालेल्या चौघांपैकी एक जण आज आमचा ध्वनिकक्ष सांभाळतो. लग्नसराईत पलीकडे माणूस कमी पडला तर तिकडेही तोच जातो.